अकरावीत गेलं की मैदान बंद, हे कोणी ठरवलं?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदूरचे, सुदामा नगरात राहतो. तुमचा पेपर इथे कागदावर मिळत नाही पण मोबाईलवर रोज सकाळी वाचून होतो, आणि सगळ्यात आधी वाचकांची पत्रं. मागच्या आठवड्यात एका पालकांचं पत्र आलं होतं की दहावी झाली की दोन वर्षं मुलांचं खेळणं पूर्ण बंद करावं, बूट माळ्यावर टाकावेत, नंतर खेळायला अख्खं आयुष्य पडलंय. त्यांनी मनापासून लिहिलंय, मुलाच्या काळजीपोटीच लिहिलंय, हे कळतं मला. नोव्हेंबरपर्यंत मीही हेच म्हणत होते. पण आता नाही म्हणणार, आणि का नाही ते जरा सविस्तर लिहायचंय, पत्र मोठं होईल, शक्य असेल तर न कापता छापा ही विनंती.

माझा मुलगा अकरावीत आहे. शाळेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, सहावीपासून. दहावीचा निकाल लागला आणि आम्हीही सगळ्यांसारखं त्याला कोचिंगला घातलं, भंवरकुआंच्या बाजूला एक क्लास आहे, नाव लिहीत नाही कारण हे एका क्लासचं नाहीच. जुलैत पहिल्या टेस्टचे मार्क आले, बरे नव्हते. आम्हाला बोलावलं. टेबलावर एक फॉर्म ठेवला, त्यात एक ओळ होती की परीक्षा होईपर्यंत विद्यार्थी इतर कुठल्याही ॲक्टिव्हिटीत भाग घेणार नाही, आणि खाली पालकांची सही. यांनी खिशातून पेन काढलं. मुलगा शेजारीच बसलेला, काही बोलला नाही, नुसता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढत होता, मॅचच्या आधी ग्लोव्ह्ज घालताना करतो ना तसं. आम्ही सही केली. मी पण केली.

पुढचे चार महिने तो घरी होता आणि नव्हताही. कोचिंगहून आठ वाजता यायचा, जेवण चिवडायचा, पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघायचा. मार्क काही वाढले नाहीत, उलट ऑक्टोबरच्या टेस्टला आणखी घसरले.

आता यात अमेरिका कुठून आली ते सांगते. माझे वडील आमच्याकडेच असतात. ते महूला मिलिटरी कॉलेजमध्ये सिव्हिलियन नोकरीत होते, ते टेलिकॉमचं कॉलेज, आम्ही सगळे एमसीटीई म्हणतो. बाबांच्या सगळ्या गोष्टी तिथल्या ग्राउंडच्या. जवानांच्या मॅचेस, पावसात लाल मातीचा चिखल, हाफटाइमला लिंबू. नातवाला या गोष्टी पाठ आहेत. सप्टेंबरमध्ये एका रात्री त्यानं मोबाईलवर मिलिटरी कॉलेज फुटबॉल असं काहीतरी शोधलं, महूचं काही सापडतं का बघायला, आणि निघालं ते वेस्ट पॉइंट. अमेरिकेच्या आर्मीचं कॉलेज, हडसन नदीच्या काठी, 1802 सालापासूनचं. त्यांची टीम, तिला आर्मीच म्हणतात. आजोबांना दाखवलं. बाबा दोन मिनिटं बघून म्हणाले, अरे हे तर बॉल हातात धरून पळतायत, हे कसलं फुटबॉल. पण उठले नाहीत, बघत बसले.

मग ते दोघं बघतच गेले आणि दिवाळीपासून मी पण.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं, म्हणजे क्रिकेटच्या पिचच्या निम्म्याहून कमी. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलात तर बॉल समोरच्यांना. बाकीच्या टीमा लांब फेकून खेळतात, बघायला भारी वाटतं. आर्मीवाले फेकत नाहीत, क्वचितच. ते जमिनीवरून पळतात. त्यांचा जो मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक, त्याच्याकडे एका वेळेला तीन रस्ते असतात, बॉल मधल्या माणसाच्या पोटात द्यायचा, किंवा स्वतः घेऊन घुसायचं, किंवा बाहेरून धावणाऱ्याकडे टाकायचा. आणि यातलं काय करायचं ते आधी ठरलेलं नसतं, समोरच्या एका माणसाला मुद्दाम मोकळं सोडतात आणि तो कुठे झुकतो ते बघून त्या क्षणाला ठरवायचं. बाबांनी एका वाक्यात सांगितलं, कबड्डीतला रेडर कसा कोपऱ्यावरच्या पोराचे डोळे बघतो, तसं. मला लगेच कळलं.

तर 2024 चा त्यांचा सीझन. ऑगस्टच्या शेवटी लीहाय नावाच्या कॉलेजला 42-7. मग फ्लोरिडा अटलांटिकला 24-7, राइसला 37-14, टेम्पलला 42-14, टल्साला 49-7, असं करत करत नोव्हेंबरपर्यंत नऊ पैकी नऊ जिंकल्या. एअर फोर्सवाल्यांना 20-3 नं हरवलं, आणि त्या मॅचला त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रायसन डेली मैदानात नव्हता, दुसरा पोरगा खेळला. नऊ मॅचेस सलग जिंकून सुरुवात, असं त्यांच्याकडे याआधी 1996 मध्ये झालं होतं.

पण मला सांगायचंय ते नॉर्थ टेक्सासच्या मॅचबद्दल. 9 नोव्हेंबरची. स्कोअर फक्त 14-3, बघणाऱ्याला वाटेल काय बोअर मॅच. माझ्या मुलानं ती रेकॉर्डिंगवर मला बसवून दाखवली, भांडी तशीच सिंकमध्ये ठेवून. त्यात आर्मीनं आपल्याच टोकाकडून बॉल घेतला आणि 94 यार्ड चालत गेले, 21 वेळा खेळून, आणि त्याला वेळ लागला 13 मिनिटं 54 सेकंद. अख्ख्या मॅचचा घड्याळातला वेळ 60 मिनिटांचा आणि त्यातली जवळजवळ 14 मिनिटं एकाच चढाईत! एकेका वेळेला चार यार्ड, पाच यार्ड, कधी दोनच. पडायचं, उठायचं, रांगेत उभं राहायचं, पुन्हा. समोरची टीम दमली, कंबरेवर हात ठेवून वाकून उभी, आणि हे पुन्हा रांगेत. शेवटी टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांच्या टोकाची रेषा ओलांडली. माझा मुलगा म्हणाला, आई यात एक पण मारलेला शॉट भारी नाहीये बघ, सगळे साधे आहेत, नुसतं कोणी चुकलं नाही. सोळा वर्षांचा पोरगा हे बोलला. कुठल्या टेस्ट सिरीजमध्ये शिकवतात हे, सांगा ना.

आणि ही मुलं कोण आहेत तेही बघा. तिथे चार वर्षांची डिग्री आहे, आर्ट्स घ्या नाहीतर काही घ्या, गणित-सायन्स-इंजिनिअरिंगचे विषय सगळ्यांनाच करावे लागतात. वर मिलिटरी ट्रेनिंग, उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पण ट्रेनिंगच. फी नाही, पण डिग्रीनंतर साधारण 5 वर्षं सैन्यात नोकरी करायची. साधारण 4400 कॅडेट आहेत एकूण, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कॉलेजएवढे पण नाहीत. अमेरिकेत आता कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीतून, नावाचे म्हणून भरपूर पैसे मिळतात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात दरवर्षी उड्या मारता येतात. या कॅडेट लोकांना ते पैसे घेता येत नाहीत, कारण ते आधीच सरकारी पगारावर आहेत. पहिली दोन वर्षं कोणालाही सोडून जायची मोकळीक असते, तिसरं वर्ष सुरू होताना मात्र नोकरीची हमी द्यावी लागते. ज्या टीमला पैशानं खेळाडू आणता येत नाहीत ती जिंकणार कशी, तर आहेत तीच पोरं चार-चार वर्षं एकत्र राहून एकमेकांचा श्वास ओळखायला लागतात, तशी.

आणि ही सगळ्यात आवडलेली गोष्ट. तिथे एक जो मूर अवॉर्ड म्हणून आहे, तो एका खेळाडूला मिळत नाही, पुढच्या फळीतली जी पाच जाडजूड पोरं नुसती धक्के खातात आणि बाकीच्यांसाठी वाट मोकळी करतात त्या अख्ख्या फळीला मिळतो. हा 2024 चा अवॉर्ड आर्मीच्या फळीला मिळाला. मोठ्या मोठ्या युनिव्हर्सिट्या, त्यांची दीडशे किलोची पोरं, त्यांना नाही, यांना. ज्यांचं नाव स्कोअरबोर्डवर कधी येत नाही त्यांना. माझा मुलगा गोलकीपर आहे, गोल वाचवला तर कोणी लक्षात ठेवत नाही, गेला तर सगळे. ती बातमी त्यानं मला तीनदा वाचून दाखवली.

तिथे खेळ हा अभ्यासातून उरलेल्या वेळात करायचा नसतो, सगळ्यांना खेळावंच लागतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1919 ते 1922 मॅकआर्थर त्या कॉलेजचे प्रमुख होते, तेच पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेले जनरल मॅकआर्थर. युद्धात त्यांनी बघितलं होतं की कुठले ऑफिसर टिकतात, म्हणून त्यांनी नियमच केला, टीममध्ये असो नसो, प्रत्येक कॅडेटनं कुठला ना कुठला खेळ खेळायचाच. आयसेनहॉवर 1912 मध्ये याच टीममधून खेळले, गुडघा दुखावला आणि खेळ सुटला, पुढे ते दुसऱ्या महायुद्धात युरोपात सगळ्यांचे सरसेनापती आणि मग राष्ट्राध्यक्ष. बाबांना आयसेनहॉवर माहीत होते, गुडघ्याचं माहीत नव्हतं. त्यांचाही गुडघा दुखतो, ते खूप वेळ त्यावर बोलले.

बरं, फार लांब नको, आपल्या एनडीएचंच घ्या. खडकवासल्याला कॅडेट झोपेतून उठतो तेव्हापासून पळत असतो. आणि तिथे शिरायची परीक्षा कशी असते? लेखी 900 मार्कांची आणि एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड-मुलाखत, ती पण 900 मार्कांची. निम्मे मार्क! त्या पाच दिवसांत ग्रुप टास्क असतात, अडथळे ओलांडायचे असतात, फळी आणि दोर घेऊन दहा जणांनी मिळून ओझं पलीकडे न्यायचं असतं, कोण ओरडतो कोण ऐकतो कोण हात देतो सगळं बघतात. माझ्या मुलाला एनडीए करायचंय. त्याला आम्ही सांगतोय की दोन वर्षं मैदानावर जाऊ नकोस, मग त्या मैदानावर जाऊन मार्क आण. हे मला नोव्हेंबरमध्ये रात्री एकदम लक्षात आलं आणि झोप लागली नाही.

हरण्याबद्दल पण लिहायलाच हवं, कारण त्या पालकांच्या पत्रात एक मुद्दा होता की मॅच हरली की मुलं दोन दिवस अभ्यासाला बसत नाहीत. खरंय, आमच्याकडेही व्हायचं.

24 नोव्हेंबर, रविवार, आपल्या पहाटे साडेपाच. न्यूयॉर्कला यांकी स्टेडियमवर नोटर डेमशी मॅच. बाबा मफलर गुंडाळून, आमचा हा पांघरुणातून नुसतं डोकं बाहेर. 49-14 नं हरले. धुव्वा. नोटर डेम पुढे देशाच्या फायनलपर्यंत गेली म्हणजे ती टीम किती तगडी ते कळतं, पण त्या दिवशी ते कळून काय उपयोग. मुलगा काही न बोलता दात घासायला गेला. मला वाटलं झालं आता. पण पुढच्या शनिवारी आर्मी पुन्हा उभी होती, यूटीएसए नावाच्या कॉलेजला 29-24, जेमतेम 5 पॉइंटनं पण जिंकले. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात, आपला शनिवार 7 डिसेंबर, सकाळी साडेसहा, घरच्याच मैदानावर ट्युलेनशी कॉन्फरन्सची फायनल, कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, लीगसारखा. मी पोहे टाकले होते, यांनी जिलेबी आणली, म्हणजे आता हे पण आलेच होते ओढले. 35-14. डेलीनं एकट्यानं 4 टचडाउन. 1890 पासून ती टीम खेळतेय, मध्ये 1944-45 ला देशातली नंबर एकची टीम होती, पण कुठल्याही कॉन्फरन्सची ट्रॉफी कधीच नव्हती, बहुतेक वर्षं ते कुठल्या कॉन्फरन्समध्ये नव्हतेच, आणि या कॉन्फरन्समध्ये आल्या आल्या पहिल्याच वर्षी जिंकले. स्टँडमधले कॅडेट धावत मैदानात, सगळं करडं-करडं झालं त्यांच्या कोटांनी. बाबांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईलसमोर, उभं राहून.

आणि आठ दिवसांत नेव्ही, म्हणजे त्यांच्या नौदलाच्या कॉलेजची टीम.

आर्मी-नेव्ही म्हणजे त्यांच्याकडे काय असतं ते सांगायला भारत-पाकिस्तान म्हणू नये, कारण ते शत्रू नाहीत, उद्या एकाच युद्धात जायचंय दोघांना. 1890 ला पहिली मॅच, ती नेव्हीनं 24-0 जिंकली होती. दोन्ही कॉलेजांचे हजारो कॅडेट मॅचच्या आधी मैदानात मार्च करत येतात आणि पूर्ण मॅच उभे राहून बघतात. आपल्याकडे ती रात्री दीड वाजता होती, शनिवारची रात्र, म्हणून आम्ही आधी सराफ्यात गेलो, थंडी मरणाची, गराडू खाल्ले, वर जीरावन आणि लिंबू, बोटं भाजत होती, आणि मुलगा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. कधी नव्हे ते माझ्याशी इतका बोलला त्या रात्री. नेव्हीचा क्वार्टरबॅक हॉर्वाथ कसा आहे, आर्मीला कुठे त्रास होईल. कित्येक महिन्यांनी एवढी लांब वाक्यं ऐकली मी त्याच्या तोंडून.

हरले. 31-13. डेलीनं ज्यानं सगळा सीझन ओढून नेला त्याचेच तीन पास नेव्हीनं पकडले. हॉर्वाथनं दोन टचडाउन फेकून आणि दोन पळून केले. एक वेळ अशी आली की नेव्ही पाय मारून बॉल देऊन टाकणार असं दाखवलं आणि त्यांच्या एका जाड्या बचाववाल्या पोरानं, लँडन रॉबिन्सन नाव, तो बॉल घेऊन 29 यार्ड धूम ठोकली, तिथेच मॅच गेली असं बाबा म्हणतात.

पण संपादक साहेब, मॅच संपल्यावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. दोन्ही टीमा एकत्र जातात, आधी हरलेल्या कॉलेजच्या मुलांसमोर, तिथे हरलेल्यांचं कॉलेजगीत होतं, जिंकलेले पण शेजारी उभे राहतात. मग सगळे मिळून मैदान ओलांडून जिंकलेल्यांच्या बाजूला, आणि तिथे त्यांचं गीत, आता हरलेले उभे. आपलं गाणं दुसरं यावं म्हणूनच वर्षभर घाम गाळतात दोघं, दुसरं गाणं म्हणजे जिंकलो. त्या रात्री पहिलं गाणं आर्मीचं होतं. घामानं चिकटलेले केस, बगलेत हेल्मेट, खाली बघत नव्हते, समोर बघत होते. सव्वापाचच्या सुमारास, बाहेर दूधवाला आलेला. आमचा मुलगा म्हणाला, आई, हे पण प्रॅक्टिस करत असतील का गं, हरल्यावर कसं उभं राहायचं ते.

त्यानंतर त्यांना आणखी एक मॅच होती, इंडिपेंडन्स बाऊल. समोर मार्शल येणार होती, त्यांचा कोच दुसरीकडे गेला, खेळाडू पण कॉलेज सोडून निघाले, टीमच उरली नाही म्हणून त्यांनी नाव मागे घेतलं. ऐन वेळी लुइझियाना टेक उभी राहिली. आर्मीचा पण एक चांगला पळणारा, कान्ये उडोह, नेव्हीच्या मॅचनंतर दुसऱ्या कॉलेजात जायचं ठरवून गेला, त्याला मी नावं ठेवणार नाही, त्याचं आयुष्य आहे. बाकीचे खेळले, 27-6 जिंकले. डेलीचे सीझनचे 32 टचडाउन झाले पळून, क्वार्टरबॅकनं एका सीझनमध्ये एवढे कधीच कोणी केले नव्हते, आधीचा रेकॉर्ड 31 चा, तो पण नेव्हीच्याच कीनन रेनॉल्ड्सचा होता 2013 चा. एकूण 12 जिंकल्या 2 हरल्या. कॉलेजच्या इतिहासात 12 पहिल्यांदाच.

आता इंदूर.

हे शहर खेळाचं आहे हो. होळकरांच्या टीमनं 4 वेळा रणजी जिंकली आहे, सी. के. नायडू, मुश्ताक अली इथे खेळायचे, आमच्या आजोबांच्या पिढीला त्यांच्या खेळ्या तोंडपाठ होत्या. आणि आज संध्याकाळी चार वाजता तुम्ही कुठल्याही मैदानावर जाऊन बघा, दहावीपर्यंतची मुलं दिसतील, मग एकदम पंचवीस-तिशीची नोकरीवाली, मधली गायब. सोळा-सतरा-अठराची मुलं दिसतच नाहीत. ती सगळी बॅगा पाठीला लावून कोचिंगच्या जिन्यात उभी असतात. बॅच चारला सुरू, आठला सुटते. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. म्हणजे मैदान आणि बॅच बरोबर एकाच वेळेला. रविवारी सकाळी शाळांच्या मॅचेस असतात आणि रविवारी सकाळीच टेस्ट. हे कोणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, पण झालंय असं, आणि कोणाला खटकत नाही याचं मला वाईट वाटतं.

आम्ही काय केलं ते सांगते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि हे दोघं क्लासमध्ये गेलो आणि सांगितलं की आमची ती सही आम्ही मागे घेतोय. तिथले सर चिडले नाहीत, थोडे हसले आणि म्हणाले मॅडम बघा तुमचा निर्णय, नंतर आम्हाला बोलू नका. आम्ही त्याला सकाळची बॅच मागितली, सहाची, ती फक्त बारावी रिपीटरवाल्यांसाठी असते म्हणाले, खूप विनवल्यावर दिली. आता तो पाचला उठतो, दुपारी घरी झोपतो तासभर, संध्याकाळी साडेचार ते सहा मैदानावर, रात्री बसतो. मार्क वाढले का, तर नाही, ऑक्टोबरपेक्षा थोडे वर आहेत एवढंच, जानेवारीची टेस्ट पण मधलीच गेली. मी खोटं लिहिणार नाही. पण तो जेवतो. भिंतीकडे बघत बसत नाही. एखादं गणित अडलं तर पुस्तक आपटत नाही, पुन्हा बसतो त्याच्यावर, आणि परवा तोंडातल्या तोंडात बोलत होता, चार यार्ड, चार यार्ड. मी दारातून ऐकलं आणि तशीच मागे फिरले.

सगळ्या मुलांना खेळायचंच असतं असं पण नाही, ज्याला गाणं आहे त्याला गाणं, तबला असेल तर तबला. माझ्या भाचीचा कथ्थक असाच दहावीत बंद केला होता, ती आता चोवीसची आहे आणि घुंगरू कुठे ठेवलेत ते पण तिला आठवत नाही.

माझी विनंती पहिली क्लासवाल्यांना आणि शाळांना, तुमच्या पेपरमधून पोहोचावी म्हणून. महिन्यातला एक रविवार टेस्ट ठेवू नका, शाळांनी आपल्या मॅचेस त्या रविवारी ठेवाव्यात, दोघांनी बसून कॅलेंडर जुळवायला एक फोन लागतो. आणि अकरावीच्या मुलांसाठी निदान एक बॅच तरी सकाळची ठेवा, भरेल ती, माझ्या ओळखीत सात-आठ पालक आहेत जे विचारतायत.

दुसरी विनंती तुम्हाला. जून महिन्यात तुमच्या पेपरात पानंच्या पानं टॉपरच्या फोटोंनी भरलेली असतात, जाहिराती आहेत हे समजतं, त्यावर पेपर चालतो. पण शाळा-कॉलेजांच्या मॅचेसना आतल्या पानावर एक कॉलम द्या ना, नुसता स्कोअर आणि कोणी गोल केला, कोणी वाचवला. इंदूर, देवास, उज्जैन, महू, जिथे जिथे तुमचे वाचक आहेत ते पाठवतील, मी स्वतः पाठवीन दर सोमवारी, टाइप करून, फुकट. आणि नुसता फायनलचा नको, पूर्ण सीझनचा द्या. वेस्ट पॉइंटची पण आम्हाला नुसती ती 35-14 ची बातमी कळली असती तर काय कळलं असतं, जिंकले, बरं. ती 13 मिनिटं 54 सेकंद आणि ते पहिलं गाणं, हे मध्ये होतं म्हणून आम्ही चौघं पहाटे उठलो.

ज्या पालकांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझा राग नाही, उलट त्यांना एकदा इंदूरला बोलवावंसं वाटतं. या रविवारी आमच्या शाळेची मॅच आहे, सकाळी आठ वाजता. टेस्ट नऊला आहे. मी क्लासला चिठ्ठी लिहून दिलीये की तो ही टेस्ट देणार नाही, नंतर घरी सोडवेल आणि पेपर आणून दाखवेल. बाबांनी त्याचे मॅचचे ग्लोव्ह्ज काल माळ्यावरून काढले, साबणाच्या पाण्यात भिजवले, आणि आज सकाळपासून गॅलरीत चिमटे लावून वाळत टाकलेत, एका ग्लोव्हचं अंगठ्याजवळ उसवलंय ते मी आज रात्री शिवणार आहे.

आपली नम्र वाचक,
एक आई,
सुदामा नगर, इंदूर